फ्रिजखालचे पाणी आणि पाठ्यपुस्तकातली बाटली

इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १' या २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात 'उष्णता' नावाचा पाचवा पाठ आहे. त्यात दवबिंदू आणि आर्द्रता या विषयाला स्वतंत्र जागा दिली आहे, ही चांगली गोष्ट आहे. संपृक्त हवा म्हणजे काय, निरपेक्ष आणि सापेक्ष आर्द्रता यांत फरक कोणता, सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की हवा दमट का वाटू लागते, हे सारे तेथे नेटकेपणाने येते. पाठाखालच्या स्वाध्यायात एक प्रश्न आहे. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या बाटलीवर पाण्याचे थेंब जमतात, त्यांचा संबंध दव पडण्याशी कसा जोडाल, असा त्याचा आशय आहे. प्रश्न उत्तम आहे. ती बाटली मुलांनी हाताळलेली असते आणि ते थेंब सदऱ्याला पुसलेले असतात. 'बाटलीतून पाणी पाझरते' असे म्हणणारा एखादा विद्यार्थी अजूनही प्रत्येक वर्गात निघतो आणि त्याच्याशी वाद घालताना तास रंगतो.

पण पुस्तकाने पुढे काय केले? बाटली बाहेर काढली आणि फ्रिजचे दार लावून घेतले. पाच-सहा अंशांच्या बाटलीवर दोन मिनिटांत थेंब जमतात, तर ज्या कपाटातून ती आली त्या कपाटात दिवसभरात काय होत असेल? तेथे तर शून्याखालच्या तापमानाची भिंत चोवीस तास उभी आहे. तिच्यावर जमलेले पाणी जाते कोठे? हा प्रश्न पाठात नाही. तो नसल्यामुळे नेमके काय बुडते, ते येथे पाहायचे आहे.

सातपूरसारख्या वस्तीत हा न विचारलेला प्रश्न दर पावसाळ्यात ओट्याशेजारी येऊन उभा राहतो. नाशिकची ही औद्योगिक वसाहत आणि तिच्या कडेने वाढलेल्या कामगारांच्या वसाहती त्र्यंबक रस्त्याला धरून आहेत. दोन खोल्यांच्या घरात फ्रिजला मिळते ती जागा कोपऱ्यातली, भिंतीला अगदी चिकटून. आषाढ-श्रावणात एक दिवस त्याच्याखाली पाणी दिसते. पहिल्या दिवशी ते पुसले जाते. दुसऱ्या दिवशी खाली वर्तमानपत्र किंवा पोते येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात चर्चा होते आणि कोणीतरी निदान सांगून टाकते, 'गॅस गेला असणार.' मग दुरुस्तीवाल्याला फोन होतो. तो सरळ असेल तर दहा मिनिटांत एक नळी मोकळी करून जातो. सरळ नसेल तर घरच्यांनीच केलेले निदान त्याच्या सोयीचे असते. गॅस भरण्याचे पैसे दिले जातात आणि नळीही मोकळी होते. पाणी थांबल्यामुळे गॅसच गेला होता, अशी सर्वांची खात्री पटते.

या गोंधळाला मराठी भाषाही थोडी जबाबदार आहे. 'फ्रिज गळतो' या दोन शब्दांत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. फ्रिजमधला गॅस, म्हणजे शीतक, बंद नळ्यांत फिरत असतो. तो स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. नळीला छिद्र पडले तरच तो जातो, आणि गेला तर जमिनीवर थारोळे होत नाही, फार तर छिद्राजवळ तेलाचा डाग दिसतो. थारोळे असते ते पाण्याचे. फ्रिज नेहमीसारखा थंड करत असेल, बर्फ नेहमीच्या वेळात होत असेल, तर गॅस जागेवर आहे आणि फरशीवरच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. इतके एक वाक्य दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे होते. ते माहीत नाही, याची किंमत त्या घराच्या महिन्याच्या पगारातून वजा होते.

मग पाणी येते कोठून? काही भाजीतून, काही झाकण न ठेवलेल्या आमटीच्या भांड्यातून आणि बाकीचे हवेतून. हवेतल्या पाण्याचा हिशेब वर्गात सहज मांडता येतो. एक घनमीटर हवा ५ अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ६.८ ग्रॅम बाष्प धरू शकते, २५ अंशांना २३ ग्रॅम आणि ३८ अंशांना ४६ ग्रॅम. आता नाशिकच्या मे महिन्यातली एक कोरडी दुपार घेऊ. तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरू, म्हणजे बाष्प झाले घनमीटरला ९.२ ग्रॅम. ऑगस्टमधला एक झिमझिम पावसाचा दिवस घेऊ. २५ अंश आणि ८५ टक्के धरले तर बाष्प झाले साडेएकोणीस ग्रॅम. मेची हवा कितीतरी गरम आहे, पण स्वयंपाकघरात पाणी जास्त आहे ते ऑगस्टमध्ये. दवबिंदू काढले तर मेचा येतो सुमारे ११ अंश आणि ऑगस्टचा २२ अंशांच्या थोडा वर. म्हणजे ऑगस्टमध्ये २२ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला घाम फुटणार. मेमध्ये कोरडी राहणारी दाराची चौकट श्रावणात ओली दिसली, तर बिघाड फ्रिजमध्येच आहे असे नव्हे.

समजा दार दिवसातून चाळीस वेळा उघडले आणि प्रत्येक वेळी शंभर लिटर, म्हणजे एकदशांश घनमीटर, हवा बदलली. दिवसाला चार घनमीटर हवा आत गेली. ती ५ अंशांपर्यंत निवली तर मेमध्ये प्रत्येक घनमीटरमागे अडीच ग्रॅमच्या आतच पाणी सुटेल आणि ऑगस्टमध्ये पावणेतेरा ग्रॅमच्या आसपास. फरक पाचपटीचा. मुलांना हा आकडा फार आवडेल, पण तेथे थांबू नये. फ्रीझरची भिंत ५ अंशांवर नसून शून्याच्या बरीच खाली असते. ती उणे १० धरली तर तेथली हवा घनमीटरला दोन ग्रॅमच्या आसपासच बाष्प धरते, बाकीचे सारे भिंतीवर बसते. आता मेचे पाणी होते दिवसाला सुमारे २८ ग्रॅम आणि ऑगस्टचे ७०. पाचपट ओसरून अडीचपट झाली. एक गृहीत बदलले आणि उत्तर निम्म्यावर आले! हे मुलांसमोर घडू द्यावे. शिवाय मेमध्ये सुट्टी असते, गार पाण्यासाठी दार दुप्पट वेळा उघडते, त्यामुळे आत शिरणाऱ्या पाण्यातला फरक आणखी कमी होतो.

तरीही पाणी सांडते ते ऑगस्टमध्येच. याचे कारण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आहे. आत गोठलेले पाणी वितळून एका लहान भोकातून आणि नळीतून मागच्या बाजूच्या ट्रेमध्ये उतरते. हा ट्रे बहुतेक कॉम्प्रेसरच्या डोक्यावर बसवलेला असतो. कॉम्प्रेसर तापतो, त्या उबेने ट्रेमधले पाणी उडून पुन्हा स्वयंपाकघरातल्या हवेत जाते. मेच्या कोरड्या हवेत ते भराभर उडते. ऑगस्टमध्ये हवा आधीच भरलेली असते, ती पाणी सावकाश घेते. त्यात बाहेर गारवा असल्यामुळे कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो, म्हणजे ट्रेखालची शेगडीही मंद. वर फ्रिज भिंतीला चिकटलेला असला तर मागची हवा हलत नाही. जमा वाढली आणि खर्च घटला, तर शिल्लक साचणारच. ती ट्रेच्या काठावरून फरशीवर येते. माठाचे पाणी मेमध्ये गार होते आणि ऑगस्टमध्ये होत नाही, त्याचेही मूळ हेच. माठ आणि फ्रिजचा ट्रे ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, पण ती शेजारी-शेजारी ठेवलेली पाठ्यपुस्तकात मला कोठे दिसली नाहीत.

जाता जाता आणखी एक हिशेब. खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ५८५ कॅलरी उष्णता बाहेर पडते. सत्तर ग्रॅमच्या होतात साधारण ४१ हजार. दीड लिटर पाणी ३० अंशांवरून ३ अंशांपर्यंत गार करायला जेवढी उष्णता काढावी लागेल तेवढी उष्णता फ्रिजला या अर्ध्या कपभर पाण्यासाठी काढावी लागते. ते गोठवण्याचे काम वेगळेच. 'दार उघडे ठेवू नकोस' या आईच्या ओरडण्यामागे केवढा अप्रकट उष्मा आहे, हे मुलांना या आकड्यावरून कळेल.

माझा पाठ्यपुस्तकावरचा मुख्य आक्षेप आता मांडता येईल. पुस्तकाचा प्रश्न साम्य विचारतो. थेंब दवासारखे आहेत, दव थेंबांसारखे आहे, असे दोन वाक्यांत लिहिले की गुण मिळतात. जमाखर्च तो विचारत नाही. किती पाणी आत आले, किती बाहेर गेले, मध्ये कोठे अडले? साम्य ओळखणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, पण निदान करायला जमाखर्च लागतो. गळणाऱ्या फ्रिजसमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला दवाची व्याख्या तोंडपाठ असते आणि तिचा काही उपयोग नसतो, कारण समोरचा प्रश्न 'हे काय आहे' असा नसून 'हे येथे का आले' असा आहे. सापेक्ष आर्द्रतेचे सूत्रही पाठात आहे. पण ते दोन आकडे घालून टक्केवारी काढण्यापुरते वापरले जाते. त्यातून निघालेल्या टक्केवारीने पुढे एखादी गोष्ट ठरते, असे दिसत नाही.

या बाबतीत एनसीईआरटीचे २००६ साली आलेले नववीचे विज्ञानाचे पुस्तक थोडे पुढे गेले होते. बर्फाचे पाणी भरलेल्या पेल्याबाहेर थेंब का जमतात, हे त्यात होतेच, शिवाय कोरड्या गरम दिवशी कूलर अधिक चांगला का चालतो, हाही प्रश्न पहिल्याच पाठात होता. दुसऱ्या प्रश्नात निदानाचे बीज आहे, कारण तो एका यंत्राच्या वागण्याचे कारण मागतो. पण तेथेही थेंब एकीकडे आणि कूलर दुसरीकडे राहिला. ही पुस्तके ज्याच्या छायेत झाली त्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडावे हे तत्त्व अग्रभागी होते. जोडायचे म्हणजे केवळ घरातल्या वस्तूचे नाव प्रश्नात घालायचे, असा त्याचा सोपा अर्थ झालेला दिसतो. फ्रिज हा शब्द आला, पण फ्रिज आला नाही.

सातपूरला त्र्यंबक रस्त्यावरच शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत शीतकरण आणि वातानुकूलनाचा दोन वर्षांचा व्यवसाय असतो. त्यात ओल्या आणि कोरड्या फुग्याच्या तापमापकांवरून आर्द्रता काढणे, आर्द्रतेचा आलेख वाचणे हे शिकवले जाते. म्हणजे जमाखर्चाचे जे शिक्षण दहावीच्या पुस्तकाने टाळले, ते आयटीआयच्या मुलाला मिळते. अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलाला ते बहुधा मिळत नाही. कमी गुण मिळाले म्हणून 'आयटीआयला टाकला' असे ज्याच्याविषयी घरात बोलले जाते, तो याबाबत आपल्या हुशार भावापेक्षा पुढे असतो. दहावीच्या वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी यावर थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. एकाच विषयाचे हे दोन तुकडे आपण केले आहेत, निसर्गाने नव्हे.

पाठ्यपुस्तक मदतीला येत नाही म्हटल्यावर माणूस फ्रिजबरोबर आलेली माहितीपुस्तिका शोधतो. ती सापडली तर तिच्या शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो. एका रकान्यात तक्रार, दुसऱ्यात संभाव्य कारण, तिसऱ्यात उपाय. या तक्त्यांत खोटे सहसा काही नसते. दार नीट लागत नाही का पाहा, फ्रिज समतल आहे का पाहा, पाणी जाण्याचे भोक साफ करा, आणि शेवटी सेवा केंद्राशी संपर्क साधा. उणीव आहे ती क्रमाची आणि कारणाची. पाचही कारणे एका खाली एक लिहिलेली, सगळी सारख्याच वजनाची. पाणी नेमके कोठे दिसते, यावरून निम्मी कारणे आधीच बाद करता येतात, हे तक्ता सांगत नाही. डॉक्टर पोटदुखीच्या रोग्याला आधी 'कोठे दुखते' असे विचारतात. पुस्तिका तो प्रश्न न विचारताच औषधांची यादी देते.

खरे तर जागा पाहिली की बरेच काही उलगडते. पाणी फ्रिजच्या आत, भाजीच्या कप्प्याखाली साचत असेल, तर ते बाहेरच्या ट्रेपर्यंत पोचलेलेच नाही. वाट मध्येच बंद आहे. आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी लहान भोक असते, त्यात कोथिंबिरीची काडी, पिशवीचा तुकडा किंवा साईसारखा चिकट गाळ अडकलेला असतो. फ्रिजची पिन काढावी, भोकात सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडावे, गरज पडली तर मऊ प्लॅस्टिकची नळी सरकवावी. तार घालू नये, ती आतली नळी फाडते. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ही वाट फ्रीझरच्या मागच्या पडद्याआडून सुरू होते. तेथे ठरावीक काळाने एक हीटर आपोआप चालू होऊन बर्फ वितळवतो. वितळलेले पाणी वाटेतच पुन्हा गोठले की नळीत बर्फाचा बुच बसतो. फ्रिज रिकामा करून, बंद करून, दारे उघडी ठेवून रात्रभर तसाच राहू दिला तर बुच निघतो. पण महिन्याभरात पुन्हा तेच झाले तर हीटर किंवा त्याचे नियंत्रण बिघडले आहे असे समजावे. ते काम मात्र मेकॅनिकचे.

पाणी बाहेर, मागच्या बाजूने येत असेल तर वाट मोकळी आहे आणि भानगड शेवटच्या टप्प्यात आहे. ट्रेला तडा गेलेला असतो, ट्रे जागेवरून सरकलेला असतो, नळीचे टोक ट्रेच्या बाहेर आलेले असते किंवा वर सांगितल्याप्रमाणे ट्रे नुसताच भरून वाहत असतो. घर बदलताना फ्रिज आडवातिडवा नेला की पहिली तीन कारणे हमखास आढळतात. पाणी पुढच्या बाजूला, दाराच्या खालून येत असेल तर संशय दाराच्या रबरावर घ्यावा. एक कागदाचा कपटा दारात धरून दार लावावे आणि कपटा ओढावा. तो अडखळत आला तर रबर ठीक आहे, अलगद निघाला तर त्या जागी हवेची ये-जा चालू आहे. दार चाळीस वेळा उघडण्याचा आपला हिशेब मग निरर्थक ठरतो, कारण दार सदाचेच किलकिले आहे. रबर पुष्कळदा फाटलेले नसते, दह्या-दुधाच्या डागांनी कडक झालेले असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर ते पुन्हा बसते. पुढचे पाय थोडे उंच ठेवले की दार आपल्याच वजनाने मिटते. पुस्तिकांतली ही सूचना मोलाची आहे, तिच्यामागचे कारण मात्र दिलेले नसते. तेही एका ओळीत देता आले असते.

एक दारी, साध्या प्रकारच्या फ्रिजची गोष्ट थोडी वेगळी. गोदरेजने १९५८ साली देशी बनावटीचा फ्रिज बाजारात आणल्यानंतर तीन-चार दशके आपल्या घरांत हाच प्रकार होता आणि आजही लहान घरांत तोच अधिक दिसतो. यात बर्फ आपोआप वितळत नाही, बटन दाबावे लागते. जुन्या फ्रिजमध्ये वितळलेले पाणी फ्रीझरखालच्या थाळीत पडे आणि ती हाताने रिकामी करावी लागे. आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी हे काम उरकणाऱ्या गृहिणी फ्रिजचा जमाखर्च न शिकता सांभाळत होत्या. बर्फ बोटभर जाड होऊ दिला, मग बटन दाबले, की एका वेळी कित्येक दिवसांची शिल्लक खाली येते आणि थाळी ओसंडते. वीज बराच वेळ गेली तरी हेच घडते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सहा-सात तास वीज नसे, तेव्हा फ्रिजखालचे पाणी हा बिघाड नव्हताच.

आता वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येणाऱ्या 'घरच्या घरी' छापाच्या सूचना. यांच्यावर मात्र कडक बोलले पाहिजे. बर्फ सुरीने खरवडा, उकळते पाणी ओता, मीठ टाका, अशा सल्ल्यांत विज्ञानाचा अर्धा तुकडा असतो आणि तोच घातक ठरतो. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो हे खरेच, पण साध्या फ्रिजमध्ये फ्रीझरची भिंत ॲल्युमिनिअमची असते. तिच्या दोन पातळ पत्र्यांमधून शीतकाच्या वाटा काढलेल्या असतात आणि खारे पाणी ॲल्युमिनिअमला खाते. सुरीचे टोक त्या पत्र्यात घुसले की न गेलेला गॅस खरोखरच जातो. फुकट होणारे काम हजारोंच्या घरात जाते. आणि तेवढ्यावर भागत नाही. पूर्वीच्या फ्रिजमध्ये आर-१२ हा सीएफसी असे. तो ओझोनच्या थराला मारक, पण पेट न घेणारा होता. मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पासून त्याचे दिवस संपले. आताच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन असतो. हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा जवळचा नातेवाईक, ज्वालाग्राही. त्याचे प्रमाण थोडे, बहुधा शंभर ग्रॅमहून कमी असते, त्यामुळे फ्रिजला भिण्याचे कारण नाही. पण दोन हातांवर शेगडी असलेल्या लहान खोलीत तो सुरीने मोकळा करणे शहाणपणाचे नाही. कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर शीतकाचे नाव आणि ज्योतीचे चिन्ह छापलेले असते. सूचना लिहिणाऱ्याने ते एकदा वाकून वाचले असते तर बरे झाले असते.

या सगळ्या लिखाणात फ्रिजच्या ट्रेची खरी दखल घेतलेली मला दिसली ती अनपेक्षित ठिकाणी, महापालिकांच्या आरोग्य विभागांच्या डेंग्यूविषयक पत्रकांत. कुंड्या, टायर, कूलर यांच्या जोडीने फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करा, असे ही पत्रके सांगतात. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. मेमध्ये ट्रे बहुधा कोरडा असतो. पावसाळ्यात तो आठवडाभर भरलेला राहू शकतो, आणि का राहतो ते वर आलेच आहे. पत्रक लिहिणाऱ्याला भौतिकशास्त्र सांगायचे नव्हते, त्याला डास मारायचे होते. तरी पाणी शेवटी जाऊन थांबते कोठे, हे त्याने बरोबर हेरले. पाठ्यपुस्तकाच्या लेखकांनी ते पत्रक टाचून ठेवावे.

स्वाध्यायात त्या बाटलीच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न घालायला फार जागा लागली नसती. एका मापात पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकायचे. घरातल्या मोठ्या माणसाला फ्रिजची पिन काढायला लावायची, फरशी कोरडी करायची आणि ते पाणी आतल्या भोकात चमच्याचमच्याने सोडायचे. नंतर मागचा ट्रे पाहायचा. रंगीत पाणी सगळे ट्रेमध्ये उतरले तर वाट धड आहे. भोकाशीच तुंबले तर वाट बंद आहे. फरशीवर आले तर नळी किंवा ट्रे दोषी. पन्नासपैकी तीसच मिळाले तर उरलेले वीस कोठे आहेत, ते शोधायचे. पुढे आठ दिवस ट्रेमधल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहायची आणि शेजारी त्या दिवशीची आर्द्रता, जी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर मिळते. एका वर्गात वीस घरांत फ्रिज असतील तर वीस वह्या होतील. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी माठाखालच्या ताटलीतले पाणी मोजावे, तेही याच हिशेबात बसते. एखाद्याच्या वहीत रंगीत पाणी ट्रेमध्ये पुरेपूर उतरले, ट्रे भरलाही नाही, रबर घट्ट निघाले आणि तरी दाराखाली थारोळे दिसते, असे लिहिलेले असेल. त्याला दाराच्या खणातली पाण्याची बाटली उपडी धरून तिचे झाकण तपासायला सांगावे.